दिवेलागणीनंतरचं विरजण

आमच्या विभागाच्या दारावर एक निळा फलक आहे. वर मोठ्या अक्षरांत 'जीवशास्त्र विभाग', त्याखाली 'संशोधन क्षेत्रे', आणि मग एकाखाली एक नावं: मत्स्य व जलजीवशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती वर्गीकरण, ऊतीसंवर्धन, कवकशास्त्र. हिंगोलीबाहेरच्या माळावर विद्यापीठाचं उपकेंद्र सुरू झालं तेव्हा हा फलक रंगवला होता आणि तेव्हा प्रत्येक क्षेत्राला एक माणूस होता. पुढे माणसं निवृत्त होत गेली, काही बदली करून घेऊन गेली, त्यांच्या जागा कुणी भरल्या नाहीत. फलकावरची क्षेत्रं मात्र तशीच राहिली. मी तासिका तत्त्वावर तिथे शिकवायला लागले तेव्हा त्यातलं एकच क्षेत्र चालू होतं. कवकशास्त्र, म्हणजे बुरशीचं शास्त्र, म्हणजेच आमचे सर.

बाकीची क्षेत्रं कशी गेली ते मी खोल्या झाडताना पाहिलं. कीटकशास्त्राच्या खोलीत काचेच्या पेट्या होत्या, त्यांत टाचण्यांवर टोचलेली फुलपाखरं आणि भुंगे. डांबरगोळ्या बदलायला कुणी उरलं नाही तेव्हा बारीक किडे आत शिरले आणि त्यांनी सगळा संग्रह खाऊन टाकला. आता पेट्यांत टाचण्या आहेत, चिठ्ठ्यांवर लॅटिन नावं आहेत आणि तळाला थोडी भुकटी आहे. कीटकशास्त्र किड्यांनी खाल्लं, असं मी नव्या विद्यार्थ्यांना हसत सांगायचे. ते हसायचे नाहीत. त्यांतले बरेच पोलीस भरतीची तयारी करत होते आणि हाताशी पदवी असावी म्हणून आमच्याकडे नाव घालून बसले होते. मत्स्यशास्त्राच्या बरण्यांतलं पाणी उडून गेलं होतं, मासे पिवळे पडून बुडाला चिकटले होते. वाळवलेल्या वनस्पतींच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते परभणीला गेले आणि किल्लीही त्यांच्या खिशातून परभणीला गेली.

'क्षेत्र' या शब्दाने माझ्या घरीही घोळ घातला. आमच्याकडे क्षेत्र म्हणजे सातबाऱ्यावरचं क्षेत्र, दुसरा अर्थच नाही. एकदा मला बघायला सेनगावकडचे पाहुणे आले होते. मुलाच्या मामांना जरा शहरी बोलायची हौस. त्यांनी बाबांना विचारलं, "मुलीचं क्षेत्र कोणतं?" बाबा गोंधळले. जमीन तर माझ्या नावावर नव्हती. मग त्यांना आठवलं आणि ते मोठ्या अभिमानाने म्हणाले, "बुरशी." पाहुण्यांनी समोरच्या पोह्यांकडे पाहिलं. चहा घेऊन ते उठले आणि नंतर त्यांचा फोन आला नाही. "मी काही वाईट बोललो का? तूच तर सांगतीस बुरशी म्हणून," असं बाबा नंतर कितीतरी दिवस विचारत राहिले. मी म्हणायचे, बराबर बोललात. मला तो मुलगा तसाही आवडला नव्हता.

सरांची बुरशी मात्र चेष्टेची नव्हती. हिंगोली म्हणजे हळदीचा मुलूख. पावसाळा लांबला की हळदीला सड लागते. वरून पानं पिवळी पडतात, खाली गड्डा मऊ होतो, दाबला की घाण पाणी निघतं. सर वर्षानुवर्षं पावसाळा संपता संपता गावोगाव फिरले आणि सडके गड्डे पिशव्यांत भरून आणले. त्या सडीतली बुरशी वेगळी करायची, काचेच्या नळीत वाढवायची, ओळखायची, हेच त्यांचं आयुष्य. अशाच एका फेरीत पुसेगावच्या शिवारात त्यांना एक तुकडा दिसला. आजूबाजूची सगळी हळद बसली होती आणि तेवढा तुकडा हिरवा उभा होता. तिथल्या मातीतून त्यांना दुसरीच एक बुरशी मिळाली. पांढरी, कडेला हळूहळू पिवळसर होत जाणारी. ती सडीच्या बुरशीला विळखा घालून खाऊन टाकायची. सूक्ष्मदर्शकाखाली मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं आणि सर लहान पोरासारखे खुश झाले.

एका वर्षी ती आम्ही आमच्या वावरात बाबांच्या हळदीच्या दोन सरींत शेणखतात मिसळून टाकली. त्या वर्षी कनेरगाव नाक्याच्या आसपास बहुतेकांच्या हळदीला सड लागली, आमच्याही लागली, पण त्या दोन सरी शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. गावातले लोक बांधावर येऊन पाहून गेले. बाबांनी पुढच्या वर्षासाठी सगळ्यांना तोंडी आश्वासनं देऊन टाकली. सर म्हणाले, थोडं थांबा, अजून काम बाकी आहे, आधी नीट छापून येऊ द्या. मग सर निवृत्त झाले. मग त्यांच्या हातांना कंप सुरू झाला. पुसेगावचा तो तुकडा रस्ता रुंद होताना रस्त्यात गेला. सरांनी मला पुन्हा माती आणायला पाठवलं होतं, तेव्हा मी डांबरावर उभी राहून त्यांना फोन केला. त्यामुळे ती बुरशी जगात जी काही होती ती आमच्या फ्रिजमधल्या नळ्यांत होती. बाहेर कुठेही नव्हती.

नळीतली बुरशी एकदा ठेवली आणि झालं, असं नसतं. नळीत अगर नावाचा खळीसारखा थर असतो, तिचं खाणं त्यात असतं. ते संपायच्या आत तिचा कण उचलून नव्या नळीत सोडावा लागतो. ज्योतीजवळ नळीचं तोंड धरायचं, तारेची सुई लाल करायची, निववायची, कण उचलायचा, कापसाचा बोळा परत लावायचा. सरांचा हात हलायचा, बोळा पडायचा, सुई काचेला लागून किणकिणायची. म्हणून निवृत्तीनंतरही ते रिक्षा करून विभागात यायचे, खुर्चीत बसायचे आणि मी ते काम करायचे. चुकलं की ओरडायचे. "श्वास बंद! बाई, श्वास बंद! तोंडातली बुरशी नकोय मला." मी चिडायचे. तासिका तत्त्वावरच्या माणसाला कुणीही ओरडावं अशीच रीत होती. पण सरांचं ओरडणं बाकीच्यांसारखं नव्हतं, हेही मला समजत होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला विभाग मुख्य आवारात विलीन होणार असं पत्र आलं. नव्या संशोधन क्षेत्रांची यादी सोबत होती, तिच्यात कवकशास्त्र नव्हतं. माझ्या तासिका मार्चअखेर संपल्या. सुट्टीत इमारतीची वीज बंद राहील, फ्रिज रिकामा करून घ्या, असं शिपायाने सांगितलं. मी नळ्या सरांच्या घरी घेऊन गेले. सरांच्या पत्नी दारातच उभ्या राहिल्या. "फ्रिजमध्ये माझं इन्सुलिन आहे. यांनी जन्मभर बाहेर काय केलं ते मी विचारलं नाही, पण घरात बुरशी येणार नाही." सर मागे उभे राहून भिंतीकडे पाहत होते. मी नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातल्या आणि एसटीने घरी आणल्या.

आमच्या घरी माय होती. माझी माय म्हणजे लोणच्याच्या बरणीला बुरशी दिसली तर बरणीसकट उकिरड्यावर टाकणारी बाई.

"बुरशी? फ्रिजात?" तिने डबा हातातसुद्धा घेतला नाही. "आमी हिला हाकलून राहिलो, आन तू एसटीत बसवून आणलीस?"

"ही चांगली असते, माय."

"बुरशी बी चांगली असती का कुठं?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "हे विरजण समज. आपण थोडं दही मागं ठेवतो का न्हाई? त्याच्यानं उद्याचं दही लागतं. उद्याच्यातलं परत थोडं ठेवतो. मोडलं की संपलं. हे तसंच हाय. सरांचं विरजण."

मायचा चेहरा बदलला. विरजण तिला कळत होतं. आमच्या घरचं विरजण ती सासरी आली तेव्हा तिच्या सासूच्या हातचं होतं, म्हणजे निदान ती तसं सांगायची, आणि ते तिने मोडू दिलं नव्हतं. तिने फ्रिजचा वरचा कप्पा पुसला, त्यातली मिरच्यांची पिशवी खाली ठेवली आणि स्वतःच्या हाताने डबा तिथे ठेवला. त्या दिवसापासून बाबांनी फ्रिज उघडला की ती आतून ओरडायची, "वरच्याला हात नका लावू, सरांचं विरजण हाय!" मी मनात म्हणाले, शास्त्र समजावून सांगावं तर असं. विद्यार्थ्यांना इतक्या वर्षांत मला एवढं नीट काही समजावता आलं नव्हतं.

दुसरीकडे सरांनी फोनवर फोन करून एक सोय लावली होती. एका मोठ्या शहरात बुरश्यांचा संग्रह सांभाळणारी एक जागा होती. तिथे बुरशी गोठवून, वाळवून बंद करून ठेवतात, मग सारखी नळी बदलायची गरज राहत नाही. त्यांनी घ्यायचं कबूल केलं. त्यांची आतून थंड ठेवलेली गाडी ठिकठिकाणचे नमुने गोळा करत फिरत होती आणि वाशिमहून हिंगोलीकडे जाताना कनेरगाव नाक्यावरून आमच्या गावाला वळणार होती. सर त्या आठवड्यात फार बोलके झाले होते. "एकदा तिथे गेली की मी मेलो तरी चालेल," असं ते म्हणाले. मी त्यांना असलं बोलू नका म्हणून सांगितलं आणि त्यांनी ऐकलं नाही.

गाडी दुपारी येणार होती. नेमका त्याच दिवशी मला सेनगावच्या एका महाविद्यालयात मुलाखत होती, पुन्हा तासिका तत्त्वाचीच. मी मायला दहादा बजावलं. माणूस येईल, ओळखपत्र दाखवेल, डबा त्याच्या हातात द्यायचा, तो सही करायला सांगेल तर बाबा करतील. माय म्हणाली, "व्हय, देते. त्यात काय." मुलाखत लांबली. परतीची एसटी पुसेगावच्या अलीकडे बंद पडली, फोनची बॅटरी संपली, आणि मी घरी पोचले तेव्हा तुळशीपाशी दिवा लागून बराच वेळ झाला होता.

"गाडी आली होती का?" मी चप्पल न काढताच विचारलं.

"आली व्हती की. पार दिवे लागल्यावर आली." माय चुलीपाशी भाकरी थापत होती. "चांगला व्हता बिचारा. चहा पिला."

"डबा नेला ना?"

"न्हाई." ती अगदी सहज म्हणाली. "दिवे लागल्यावर विरजण कुणी उंबऱ्याबाहेर देतं का? म्हटलं, सकाळी या. म्हटलं, इथंच जेवा, बाजेवर आंथरूण टाकून देते, सकाळी पयल्यांदा तुमालाच देते. तर हसला आन गेला. घाईत व्हता."

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. दिवेलागणीनंतर दूध, दही, विरजण, मीठ, हळद घराबाहेर जात नाही. घरातलं सत्त्व जातं म्हणतात. मला जन्मापासून माहीत होतं. लहानपणी शेजारच्यांकडे संध्याकाळी विरजण मागायला गेले म्हणून मीच कानफटात खाल्लेली. आणि तरीही, सगळ्या जगातल्या शब्दांमधून मी मायला नेमका तोच शब्द दिला होता.

मी ओरडले. फार ओरडले. "माय, ते दही न्हवतं! ते औषध व्हतं समज, लस व्हती, काय बी समज! त्या माणसानं किती लांबून गाडी आणली!" बाबा बाहेरून आत आले आणि परत बाहेर गेले. मायची भाकरी तव्यावर करपली. "तूच म्हणलीस विरजण," एवढंच ती म्हणाली. "मी आपल्या भल्यासाठीच ठेवलं ना. सरांचं सत्त्व कशाला दुसऱ्याच्या घरी घालवायचं, म्हणून." त्यावर मी आणखी ओरडले.

सकाळी मी गाडीवाल्याला फोन केला. गाडी रातोरात पुढे निघून गेली होती. तो बिचारा खरंच चांगला होता. वैतागला नाही. "मावशींनी जेवायचा फार आग्रह केला हो," म्हणाला. परत मागे येता येणार नाही, एवढ्या उन्हात कुरिअरने पाठवू नका, वाटेत मरेल, पावसाळ्यानंतर आमची पुन्हा फेरी असते तेव्हा घेऊन जाऊ, तोवर फ्रिजमध्ये जपून ठेवा. मी सरांना कळवलं की गाडी काही कारणाने पुढे गेली, आता पावसाळ्यानंतर. सर "बरं" म्हणाले.

पावसाळ्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही. मेमध्ये अवकाळी वादळ आलं, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि गावाला वीज देणारी डीपी जळाली. डीपी जळाली म्हणजे काय ते आमच्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. लाइनमन म्हणे वरून येईल, वरचे म्हणत नोंद झाली आहे. वीज रोज 'उद्या' यायची. ऊन असं की दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. फ्रिज गरम कपाट होऊन बसला. मायने स्वतःहून माठाजवळची वाळू ओली करून दिली आणि मी त्यात डबा पुरला. मग मी नाक्यावरच्या धाब्यावर गेले, त्यांच्याकडे जनरेटर होता. मालकाने विचारलं, डब्यात काय आहे. मी थाप मारायला हवी होती, पण मी बुरशी म्हणाले. "ताई, गिऱ्हाइकानं ऐकलं तर धंदा बसंल माझा," तो म्हणाला. वाईट वाटून त्याने मला बर्फ दिला. मी रोज बर्फ आणायचे. बर्फ वितळायचा, त्याचं पाणी कुठून तरी डब्यात शिरलं आणि कापसाचे बोळे ओले झाले. ओला बोळा म्हणजे बाहेरच्या प्रत्येक बुरशीला उघडं दार. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच शिकवत होते.

हिंगोलीत वीज येऊन दुकानं उघडली तशी मी तिथून अगर आणि नव्या नळ्या घेऊन आले आणि आमच्या स्वयंपाकघरात काम करायला बसले. अगरात बुरशीचं खाणं म्हणून घालायचे बटाटे मायने चिरले. कुकरमध्ये नळ्या शिजवून निर्जंतुक केल्या. दारं लावली, खिडकीला चादर लावली, गॅसच्या ज्योतीवर सुई लाल केली. माय कोपऱ्यात तोंडावर पदर धरून बसली होती, कारण मी तिला श्वास बंद म्हणून सांगितलं होतं. घामाने माझे डोळे चुरचुरत होते. एकेका जुन्या नळीतून कण उचलला आणि नव्या नळीत सोडला. काम झाल्यावर मायने विचारलं, "लागंल का?" विरजण लावल्यावर विचारतात तसंच. मी म्हणाले, "बघू."

चार-सहा दिवसांत सगळ्या नळ्यांवर काळी पूड आली. कांद्याच्या सालीवर, भिजलेल्या चाऱ्यावर, कुठेही येते तीच काळी बुरशी. एका नळीत पांढरा कापूस दिसला होता. मी ती दिवसातून कितीदा तरी उचलून बघत होते. माझ्या मनाने तिच्या कडेला पिवळेपणा बघायलाही सुरुवात केली होती. मग तीही काळी झाली. जुन्या नळ्यांतला कण न् कण मी पुन्हा लावून पाहिला. काळी, काळी, काळी. पुसेगावच्या त्या तुकड्यातलं आता काही उरलं नव्हतं, आणि तिथली मातीही डांबराखाली होती.

मेलेली किंवा बिघडलेली नळी अशीच फेकत नाहीत. आधी शिजवतात, म्हणजे ती बाहेर पसरत नाही. मी सगळ्या नळ्या कुकरमध्ये घातल्या. शिट्टीच्या आवाजाने माय आत आली.

"शिजवून काहून राहिली?"

"फेकायचं हाय, माय. मेलं ते."

ती कुकरकडे बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्यामुळं का?"

"न्हाई. डीपीमुळं."

मी हे बोलले, पण मान वर करून बोलले नाही. मायला तेवढं पुरलं. ती बाहेर जाऊन बाजेवर बसली. त्या दिवशी आमच्या घरी कुणी नीट जेवलं नाही. मला तिची दया येत होती आणि तिचा रागही येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी येतात तेव्हा माणूस काहीच करत नाही. मीही काही केलं नाही.

सरांना दाखवायला मी एक काळी नळी न शिजवता ठेवली होती. त्यांच्या घरी जाऊन ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. हात हलत होता, नळी हलत होती, तरी बघायला त्यांना वेळ लागला नाही.

"गाडी आली होती ना तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. "मग दिली का नाही?"

मी सांगितलं. विरजण म्हणाले ते, दिवेलागणीचं, जेवायच्या आग्रहाचं, सगळं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्या आईला काही बोलू नकोस," ते म्हणाले. "मला किती जणांनी मागितली होती. बाहेरच्या विद्यापीठांनी, तुमच्या गावातल्या लोकांनी. एकाला दिली असती तरी आज कुठेतरी असती. मी म्हणायचो, आधी माझ्या नावाने छापून येऊ दे. मग देतो सगळ्यांना. त्या बिचारीने एक संध्याकाळ धरून ठेवली. मी निवृत्त होईपर्यंत धरून बसलो."

आतून त्यांच्या पत्नीने चहा चालेल की कॉफी असं विचारलं. सर म्हणाले, काहीच नको. पण कप आला आणि मी तो प्याले, कारण नाही म्हणायचं तरी कसं. निघताना त्यांनी नळी मला परत दिली नाही. ती त्यांच्या टेबलावर पेनांच्या डब्यात उभी होती.

आमची डीपी शेवटी आली. फ्रिज सुरू झाला आणि वरचा कप्पा रिकामाच राहिला, मायने मिरच्यांची पिशवी परत वर ठेवली नाही. त्या गरमीत गावात जवळजवळ सगळ्यांचंच विरजण आंबून गेलं होतं. आमचं मायने माठामागे ओल्या फडक्यात जपलं होतं आणि ते वाचलं. एक दिवस संध्याकाळी शेजारची वहिनी चार्जर परत द्यायला आली. दारातच म्हणाली, "काकू, आमचं विरजण गेलं बघा. सकाळी येते तुमच्याकडं थोडं न्यायला."

तुळशीपाशी दिवा लागला होता. मी ओसरीवर गहू निवडत होते.

माय म्हणाली, "सकाळी काहून? आताच ने."

वहिनीला वाटलं काकू विसरल्या. "दिवे लागलेत की, काकू."

"माहीत हाय." माय आत गेली, वाटी भरून आणली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहून हात पुढे केला. वहिनी बाहेर उभी. तिने माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. हात काही पुढे येईना तिचा. मायचा हात तसाच लांबलेला.

"ने बाई," माय म्हणाली. "घरात धरून ठेवलं म्हणून जगत न्हाई ते."

वहिनीने वाटी घेतली, पदराखाली झाकली आणि घाईने निघून गेली. तिच्या घराचं दार लागल्याचा आवाज आला, तरी माय उंबऱ्यात उभीच होती. मी गव्हाचं सूप खाली ठेवलं, उठून तिच्याजवळ गेले आणि तिचा हात धरून तिला आत आणलं.